सुट्टी लागण्याआधी संपवायचं काम: प्रादेशिक रेडिओची उन्हाळी कार्यक्रममाला कशी उभी करावी

प्रादेशिक सार्वजनिक रेडिओवरची उन्हाळी माला बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कोलमडते. पहिले दहा भाग मन लावून केलेले असतात. पुढचे घाईत होतात, त्यापुढचे आदल्या रात्री. त्याच काळात नेहमीचे निवेदक रजेवर असतात, तंत्रज्ञ निम्मे असतात आणि बदली आलेल्या माणसाला कोणती फाईल कुठे आहे हे ठाऊक नसतं. मग जुना भाग चुकून दोनदा वाजतो, ‘उद्या भेटू’ म्हणून शुक्रवारचा कार्यक्रम संपतो, किंवा पाच मिनिटं नुसती धून चालू राहते. नेहमीचा आवाज सुट्टीवर गेल्यामुळे आधीच चुकल्यासारखं वाटणाऱ्या श्रोत्याला हे सोसावं लागू नये.

यावर उपाय एकच: माला सुरू होईल त्या दिवशी थेट प्रसारणाचे सोडून सगळे भाग तयार, मोजलेले आणि प्लेआउट यंत्रणेत, म्हणजे वेळापत्रकाप्रमाणे फाईल आपोआप प्रसारित करणाऱ्या संगणकात, चढवलेले असले पाहिजेत. खालचे टप्पे त्याच क्रमानं घ्या. उदाहरणासाठी आठ आठवडे, सोमवार ते शुक्रवार, रोज २५ मिनिटांचा एक भाग असं गृहीत धरलं आहे.

## १. आधी मिनिटं मोजा, विषय नंतर

पहिली बैठक बहुतेक ठिकाणी विषयांवर होते आणि तिथेच गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. आधी बेरीज करा. आठ आठवड्यांचे ४० भाग, म्हणजे १००० मिनिटं, म्हणजे १६ तास ४० मिनिटं तयार प्रसारण. हा आकडा फळ्यावर लिहिला की अर्ध्या कल्पना आपोआप गळतात.

आता मनुष्यबळ. नियोजनासाठी हे माप धरा:

- संग्रहातला जुना भाग पुन्हा लावणे: अर्धा दिवस
- स्टुडिओतल्या गप्पा: एक दिवस
- बाहेर जाऊन केलेलं फीचर (निवेदन, मुलाखती आणि तिथले आवाज जोडून केलेला भाग): तीन दिवस
- थेट प्रसारण: तयारीसह दोन दिवस

समजा १६ भाग संग्रहातले, १४ स्टुडिओतले, ८ बाहेरचे आणि २ थेट ठरवले. ८ + १४ + २४ + ४ मिळून ५० कामाचे दिवस होतात. आजारपण, रद्द झालेल्या मुलाखती आणि बिघडलेली यंत्रं यांसाठी वीस टक्के वाढवा, म्हणजे ६० दिवस. दोन माणसं पूर्णवेळ दिली तर सहा आठवडे. माणूस एकच असेल, तर बाहेरचे भाग आठवरून तीनवर आणा. चाळीसच्या चाळीस भाग नवे करण्याचा हट्ट धरू नका. नीट निवडलेला जुना भाग घाईत केलेल्या नव्या भागापेक्षा नेहमीच चांगला वाजतो.

तपासणी: प्रत्येक भागापुढे प्रकार आणि एकाच माणसाचं नाव लिहिलं आहे का? ‘टीम’ असं लिहिलेला भाग कुणाचाच नसतो.

## २. वेळापत्रक शेवटाकडून मांडा

पहिल्या प्रसारणाच्या दिवसापासून मागे मोजत या.

- १४ वा आठवडा आधी: मोजणी, भागांची वाटणी
- १३ ते ११: संग्रहातला शोध, हक्कांचा पत्रव्यवहार, पाहुण्यांच्या तारखा
- १०: प्रत्येक प्रकारचा एक नमुना भाग
- ९ ते ४: निर्मिती
- ३: सगळे भाग ऐकणं, दुरुस्त्या
- २: प्लेआउटमध्ये चढवणं
- १: कोरडी चाचणी, म्हणजे प्रसारण न करता पूर्ण तालीम

दहाव्या आठवड्यातला नमुना भाग गाळू नका. मालेची संकेतधून फार लांब आहे, दोन निवेदकांचे आवाज एकसारखे आहेत, मजकूर २५ मिनिटांत मावत नाही, हे सगळं तिथे कळतं. तेव्हा दुरुस्ती एका भागाची असते, नंतर ती वीस भागांची होते.

## ३. संग्रहातले भाग: सर्वांत सोपे वाटतात, सर्वांत जास्त फसवतात

जुना भाग उचलून लावला की झालं, असं वाटतं. इथे चार कामं आहेत.

हक्क. मूळ करार किती प्रसारणांचा होता ते पाहा. लेखक, नाटकातले कलाकार, गायक-वादक आणि वापरलेलं संगीत यांचे हक्क वेगवेगळे असू शकतात. पुनःप्रसारणाची परवानगी म्हणजे पॉडकास्टची किंवा संकेतस्थळावर ठेवण्याची परवानगी नव्हे. ती वेगळी मागावी लागते. करार सापडला नाही तर तो भाग बाजूला ठेवा. ‘इतकी वर्षं कुणी काही म्हटलं नाही’ याला आधार म्हणत नाहीत.

यंत्र. भाग अजून टेपवरच असेल, तर वेग तपासल्याशिवाय डिजिटल करू नका. सेकंदाला १९.०५ सेंटिमीटरची टेप ३८.१ च्या वेगानं चालवली की आवाज दुप्पट वेगानं पळतो आणि एक सप्तक वर चढतो, हे कुणाच्याही लक्षात येतं. हेडचा (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाचा) कोन जुळलेला नसला की मात्र आवाज फक्त थोडा मळकट, बोथट येतो आणि ‘जुनं आहे म्हणून असं’ समजून सोडून दिला जातो. कोन आधी जुळवा, मग नक्कल घ्या. टेप हेडला चिकटत असेल, किरकिरत असेल, तर लगेच थांबवा. जबरदस्तीनं चालवली तर चुंबकीय थर खरवडून निघतो आणि ध्वनिमुद्रण कायमचं जातं. नक्कल ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटच्या खाली घेऊ नका.

शिळे शब्द. भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका, हातात पेन घेऊन. ‘आज’, ‘काल’, ‘उद्या’, ‘सध्या’, ‘यंदा’, ‘नुकतंच’, ‘पुढच्या आठवड्यात’ हे शब्द आले की वेळ टिपा. दूरध्वनी क्रमांक, पत्ते, स्पर्धेची अंतिम तारीख, पदाचा उल्लेख, ‘आपल्यासोबत आहेत’ म्हणून ओळख करून दिलेली पण आता हयात नसलेली व्यक्ती, हे सगळं याच फेरीत सापडतं. वाक्य कापता येत असेल तर कापा. नसेल तर सुरुवातीला नवं निवेदन जोडा: ‘हे संभाषण अमुक वर्षी ध्वनिमुद्रित केलं होतं.’ वर्ष सांगितलं की श्रोता सांभाळून घेतो. न सांगता फसवलं तर नाही.

स्वच्छता. खरखर काढणारं सॉफ्टवेअर हपापून वापरू नका. खरखर पूर्ण गेली की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, ‘स’ आणि ‘श’ची धार जाते. आधी आणि नंतरचा तुकडा एकाच पातळीवर आणून शेजारी-शेजारी ऐका. शब्द आधीच्यात जास्त कळत असतील, तर आधीचाच ठेवा.

सावधान: फक्त क्यू शीट (भागासोबतचं माहितीचं पान) वाचून जुना भाग मंजूर करू नका. कागदावर नसलेली वाक्यं टेपवर असतात.

## ४. भागाचा साचा

सुट्टीतला श्रोता मधूनच येतो. कुणी प्रवासात असतं, कुणी उशिरा उठलेलं, कुणी काम करता करता ऐकतं. म्हणून प्रत्येक भाग स्वतंत्र कळला पाहिजे. सोमवारचं न ऐकता मंगळवारचं समजत नसेल, तर सुरुवातीला तीस सेकंदांची आठवण द्या, त्याहून जास्त नको. आणि दर सात-आठ मिनिटांनी कोण बोलतंय, कशाबद्दल बोलतंय, हे निवेदनात पुन्हा सांगा. स्टुडिओत बसलेल्याला ते पुनरावृत्ती वाटतं. सतराव्या मिनिटाला रेडिओ लावणाऱ्याला मात्र तीच पहिली ओळख असते.

२५ मिनिटांच्या गप्पांचा हिशेब असा: धून आणि निवेदनं मिळून अडीच मिनिटं, एक संगीताचा तुकडा साडेतीन मिनिटं. उरली १९ मिनिटं बोलण्यासाठी. त्यासाठी ३५ ते ४० मिनिटं मुद्रण पुरेसं होतं. दीड तास मुद्रित केलं तर संपादनाचा दिवस दोनाचा होतो.

संहितेची लांबी पानांवरून ठरवू नका. निवेदकाला एक पान मोठ्यानं वाचायला लावा, घड्याळ लावा, मिनिटाला किती शब्द होतात ते मोजा आणि त्या माणसासाठी तोच आकडा वापरा. मराठीत जोडाक्षरी, सामासिक शब्दांनी भरलेलं पान साध्या बोलीतल्या पानापेक्षा बरंच सावकाश वाचलं जातं. दोन निवेदकांत चटकन वीस शब्दांचा फरक पडतो.

शेवट मागून मोजा. समापनाची धून दीड मिनिटाची असेल, तर ती २३ मिनिटं ३० सेकंदांवर निवेदनाखाली हळू सुरू करा. निवेदन २४:२० ला संपवा, धून वर आणा, ती बरोबर २५:०० ला स्वतःच्या स्वरावर संपेल. मध्येच फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) ओढून संपवलेला कार्यक्रम अर्धवट वाटतो, आणि हा दोष घालवायला एक पैसा लागत नाही.

## ५. ध्वनिमुद्रण

खोलीत. उन्हाळ्यात बिघडतं ते पंखा आणि वातानुकूलन यंत्रामुळे. पंखा चालू ठेवून मुद्रण केलं की संपादनात प्रत्येक जोडावर त्याची घरघर उडी मारते. खोली आधी गार करा, मग सगळं बंद करून वीस मिनिटांच्या तुकड्यांत बोला. पाहुण्याला पाणी द्या, पण काचेचा ग्लास टेबलावर नको. माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, थोडा तिरका.

बाहेर. उघड्यावर मुलाखतीसाठी हातात धरायचा सर्वदिशी डायनॅमिक माइक सर्वांत भरवशाचा. तो वारा, दमटपणा आणि हाताची हालचाल इतरांपेक्षा जास्त सोसतो. फोमची टोपी श्वासाच्या फटक्याला पुरते. वाऱ्याला केसाळ आवरण लागतं. लो-कट (खालची घरघर कापणारी गाळणी) ८० हर्ट्‌झच्या आसपास चालू ठेवा. पातळी अशी लावा की मोठ्यात मोठं बोलणं डिजिटल मीटरवर उणे १२ डेसिबलच्या जवळपास जाईल. हसणं, हाक, टाळ्या यांना वर जागा राहते. फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही, कमी पातळीचा मात्र वाढवता येतो.

फाईल ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, वेव्ह, मोनो (एकच वाहिनी). ताशी सुमारे ५२० मेगाबाइट लागतात, स्टिरिओला दुप्पट. कार्ड त्या हिशेबानं न्या.

गार गाडीतून किंवा खोलीतून दमट उन्हात माइक एकदम काढला की आतल्या पडद्यावर बाष्प धरतं आणि कंडेन्सर माइक चरचरतो. पिशवी न उघडता बाहेर अर्धा तास ठेवा, मग काढा. रेकॉर्डर आणि बॅटऱ्या उन्हातल्या बंद गाडीत कधीच ठेवू नका.

प्रत्येक ठिकाणी कुणी न बोलता एक मिनिट तिथला नुसता आवाज घ्या, आणि वेगळे दोन-तीन मिनिटं पाणी, पावलं, झाडं, काम, जे असेल ते. हा एक मिनिट नसेल तर कापलेल्या वाक्यांमधली भोकं कशानं भरणार?

मुलांसोबत. सुट्टीतल्या मालेत मुलं असतातच. पालकांची लेखी संमती मुद्रणाच्या आधी घ्या, नंतर नाही. प्रसारणात पूर्ण नाव, शाळा आणि राहण्याचं ठिकाण एकत्र येऊ देऊ नका. खाली बसा, माइक मुलाच्या तोंडाच्या उंचीवर आणा. पंधरा-वीस मिनिटांत मुलं थकतात, तेव्हा थांबा. ‘कसं वाटतंय?’ विचारलं की ‘छान’ हे एकच उत्तर मिळतं. ‘हातात काय आहे? ते कसं लागतंय? आधी काय केलंस?’ असं विचारलं की मूल बोलायला लागतं. पाठ करून आलेलं भाषण हळूच बाजूला ठेवायला सांगा.

तपासणी: जागा सोडण्यापूर्वी कार्डवरची फाईल हेडफोननं ऐकली का? सुरुवात, मध्य, शेवट, तिन्ही.

## ६. संपादन आणि पातळी

वेगवेगळ्या वर्षांचे, वेगवेगळ्या लोकांनी केलेले भाग एका मालेत येतात, म्हणून आवाजाची पातळी हा उन्हाळी मालेचा जुनाट आजार आहे. सर्वोच्च टोक बघून पातळी लावली की एक टाळी असलेला भाग हळू वाजतो आणि सपाट बोललेला भाग अंगावर येतो. मोजायची ती जाणवणारी तीव्रता, एलयूएफएस या मापात. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनच्या आर १२८ या शिफारशीत पूर्ण कार्यक्रमाचं लक्ष्य उणे २३ एलयूएफएस आहे आणि ट्रू पीकची (आवाजाच्या खऱ्या सर्वोच्च टोकाची) कमाल मर्यादा उणे १ डेसिबल. तुमच्या केंद्राचं लक्ष्य वेगळं असेल तर ते घ्या. पण चाळीसही भागांना एकच घ्या. पॉडकास्टची प्रत साधारणपणे जास्त मोठी लागते, म्हणून ती वेगळी बनवा.

मोटारीत ऐकणाऱ्याला इंजिनच्या आवाजात हळू बोलणं बुडतं. म्हणून निवेदन आणि पाहुणा यांच्यातला फरक हातानं, वाक्यावाक्याला जुळवा. सगळं कॉम्प्रेसरवर (मोठा आणि हळू आवाज आपोआप जवळ आणणाऱ्या यंत्रावर) सोडलं की श्वास आणि मागचा गोंगाट वर येतो.

शेवटी मोनोचं बटण दाबून ऐका. दोन माइकच्या स्टिरिओ मुद्रणात एखादी तार उलटी जोडली गेली असेल, तर स्टिरिओत ठीक वाटणारा आवाज मोनोत पोकळ होतो, कधी जवळपास नाहीसाच होतो. लहान रेडिओवर ऐकणाऱ्याला तेवढंच ऐकू येतं.

## ७. क्यू शीट, आणि तिच्यावरचा एक जास्तीचा रकाना

प्रत्येक भागासोबत एक पान: नाव, भाग क्रमांक, अचूक लांबी, पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य, वापरलेलं संगीत सेकंदांसह, हक्कांची स्थिती, संपर्काचा माणूस. पहिलं आणि शेवटचं वाक्य शब्दशः लिहा. बदली निवेदकाला कुठे थांबायचं आणि कुठून सुरू करायचं हे त्यावरूनच कळतं.

यात एक रकाना वाढवा: संवेदनशील विषय. भागात पोहणं, नदी, समुद्र, आग, वादळ, डोंगर, लांबचा प्रवास, मृत्यू यांपैकी काय आहे ते तिथे लिहा. ज्या दिवशी प्रदेशात बुडून मृत्यू झाल्याची बातमी असेल, त्या दुपारी ‘चला नदीवर’ हा भाग वाजणं त्या घरातल्या माणसांसाठी क्रूर आहे. ड्युटीवरच्या माणसाला २५ मिनिटं ऐकून हे ठरवायला वेळ नसतो. रकाना असेल तर दहा सेकंदांत कळतं. त्याच पानावर लिहा: बदली भाग कोणता.

चार भाग कायम राखीव ठेवा. त्यांत दिवसाचा, ऋतूचा, सणाचा कसलाही उल्लेख नको.

## ८. चढवणं आणि कोरडी चाचणी

फाईलचं नाव रोमन लहान अक्षरं, अंक आणि अधोरेषा यांतच ठेवा. मोकळी जागा, देवनागरी किंवा चिन्हं काही यंत्रणांना वाचता येत नाहीत. नावात मालेचं लघुरूप, दोन अंकी भाग क्रमांक आणि आवृत्ती असू द्या. ‘फायनल’, ‘फायनल नवं’ अशी नावं पडली की चुकीची प्रत प्रसारित होणार, हे धरूनच चाला.

चढवल्यावर संपादनाच्या संगणकावर ऐकून भागत नाही. प्रत्यक्ष प्लेआउट यंत्रावरून प्रत्येक भागाचे पहिले तीस सेकंद, मधला एक मिनिट आणि शेवटचा एक मिनिट ऐका. सुरुवातीचं आणि शेवटचं चिन्ह योग्य ठिकाणी आहे का? चिन्ह अर्धा सेकंद पुढे असेल तर पहिलं अक्षर गिळलं जातं.

नि:शब्दता ओळखणारी यंत्रणा किती सेकंदांनी जागी होते ते विचारून घ्या. ती वीस सेकंदांवर लावलेली असेल आणि एखाद्या फीचरमध्ये रात्रीचा अगदी हळू आवाज तीस सेकंद असेल, तर मध्येच आपत्कालीन धून सुरू होईल. हळू आवाज थोडा वर उचला किंवा तिथे निवेदन आणा.

मग एक पूर्ण तास खोट्या वेळापत्रकावर खऱ्या वेळेत चालवा: बातम्या, माला, प्रोमो (येणाऱ्या कार्यक्रमाची छोटी जाहिरात), पुढचा कार्यक्रम. हे काम सुट्टीत ड्युटीवर असणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या.

सावधान: वादळ, उष्णतेची लाट, पूर यांची सूचना आली तर मुद्रित भाग कोण थांबवू शकतं, हे लेखी ठरवा. नाव, त्याच्या अनुपस्थितीतलं दुसरं नाव, दोघांचे क्रमांक, आणि यंत्रावर कोणतं बटण. कागद स्टुडिओच्या भिंतीवर लावा.

## ९. थेट भाग

जागेची चाचणी एक आठवडा आधी, त्याच वारी आणि त्याच वेळी करा. रिकाम्या मैदानावर मोबाइल नेटवर्क उत्तम चालतं आणि गर्दीत कोसळतं. म्हणून दोन वेगळे मार्ग ठेवा, दोन्ही एकाच कंपनीचे नकोत. बाहेरच्या निवेदकाला स्टुडिओतून येणाऱ्या आवाजात त्याचा स्वतःचा आवाज नसावा. तो उशिरानं कानात आला की माणूस अडखळतो. मिक्सर आणि फोन सावलीत ठेवा. तापलेला फोन स्वतःच बंद होतो. स्टुडिओत पाच मिनिटांचं निवेदन आणि संगीत फेडरवर तयार हवं, शोधून काढायचं नव्हे.

## १०. प्रोमो, रोजची नोंद, आणि शेवट

प्रोमो पहिल्या भागाच्या दहा दिवस आधी सुरू करा, पण भाग चढवून झाल्याशिवाय नाही. तीस सेकंद, वार आणि वेळ दोनदा. ‘लवकरच’ म्हणणारी प्रत पहिल्या दिवशी पहाटे यंत्रणेतून काढा.

माला चालू असताना रोज तीन ओळींची नोंद पुरते: वेळेवर सुरू झाला का, वेळेवर संपला का, श्रोत्यांनी काय कळवलं. वाजलेल्या संगीताची यादी त्याच दिवशी भरा. आठ आठवड्यांनी भरायला बसलात तर बदललेले भाग आठवणार नाहीत आणि कलाकाराचा मोबदला चुकेल.

शेवटच्या शुक्रवारच्या भागात निवेदकानं सोमवारी या वेळेला काय लागेल ते स्पष्ट सांगावं. त्याच संध्याकाळी पुढच्या दोन आठवड्यांचं वेळापत्रक उघडा आणि मालेचं लघुरूप टाकून शोधा. राहिलेले प्रोमो, आठवण करून देणारे स्पॉट, राखीव भागांचे दुवे, सगळे काढा. मूळ मुद्रणं क्यू शीटसह संग्रहात द्या, आणि हक्काची मुदत कोणत्या तारखेला संपते ते पानाच्या सर्वांत वर लिहा.